पूडलचं पिल्लू आणलंय? लसी पूर्ण होईपर्यंत घरात कोंडून ठेवू नका

सिल्वासा : पिल्लू घरी आलं की पहिली सूचना मिळते, लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नका. मग चार महिन्यांपर्यंत ते फ्लॅटमध्येच राहतं. पहिल्यांदा खाली नेलं की लिफ्टला बिचकतं, वॉचमनवर भुंकतं, हेल्मेट घातलेला माणूस दिसला की पळायला बघतं. घरचे म्हणतात, कुत्रंच भित्रं निघालं. बहुतेक वेळा दोष पिल्लाचा नसतो, वेळेच्या गणिताचा असतो.

दोन घड्याळं, एक पिल्लू

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नवीन माणसं, आवाज, जागा सहज स्वीकारतं. त्यानंतर अनोळखी गोष्टीची आधी भीती वाटू लागते. लसी मात्र सहा ते आठ आठवड्यांना सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला अडवते आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरते, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. म्हणजे लसी संपायच्या आधीच शिकण्याचा काळ सरतो.

डॉक्टरांची काळजीही खोटी नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिल्लाचा जीव घेऊ शकतो. पण मधला रस्ता आहे. पहिल्या लसीनंतर किमान सात दिवसांनी, स्वच्छ जागेत आणि लस झालेल्या कुत्र्यांसोबत पिल्लाला मिसळू द्यावं, असं अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांची संघटनाही सांगते.

मग करायचं काय?

पिल्लाला कडेवर किंवा पिशवीत घ्या, खाली सोडू नका. दहा मिनिटं सोसायटीच्या गेटपाशी उभं राहा. कारखान्यांची शिफ्ट सुटताना बाईकची रांग, बसचा हॉर्न, भाजीची गाडी, शाळेची मुलं, सगळं दुरून दाखवा. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा छोटा तुकडा द्या. भटके कुत्रे फिरतात ती माती टाळा. ओळखीच्यांकडे लस झालेला शांत कुत्रा असेल तर त्यांच्या घरी न्या.

जूनमध्ये आणलेल्या पिल्लाचा हा सगळा काळ पावसात जातो. लगेच पुढे गणपतीचा ढोल-ताशा, नवरात्रीचा गरबा आणि दिवाळीचे फटाके येतात. म्हणून हे आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावा, त्याच वेळी जेवण द्या आणि काही दिवसांत हळूहळू आवाज वाढवा. छत्री आणि रेनकोटही घरातच दाखवा.

शेपटी पोटाखाली गेली, पिल्लू ओठ चाटू लागलं किंवा भूक नसल्यासारखं तोंड फिरवलं, की ते घाबरलंय असं समजा. ओढू नका, लांब न्या. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. मुलांनी खाताना-झोपताना त्याला हात लावू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. घाबरलेलं कुत्रंच अनेकदा चावतं.

पूडलसाठी खास

पूडलचे केस वाढतच राहतात, दर काही आठवड्यांनी कापावे लागतात. म्हणून आतापासून रोज दोन मिनिटं पंजे, कान, तोंड हाताळा, ब्रश फिरवा, ट्रिमर नुसता चालू करून जवळ ठेवा. टॉय पूडल लहान म्हणून दिवसभर मांडीवर नको. त्याला स्वतः चालू द्या. मूळचा हा पाण्यातून शिकार आणणारा कामाचा कुत्रा, त्याला खेळ आणि शिकवणी लागते. घरात सगळे कामावर जाणार असतील तर एकटं राहायची सवय पाच मिनिटांपासून लावा.

घेण्याआधी

2017 च्या केंद्रीय श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मुंबई असो की सुरत, पाच आठवड्यांचं पिल्लू कोणी देत असेल तर नाही म्हणा. आई आणि भावंडांकडून ते जोरात चावायचं नाही हे शिकत असतं, तो काळ हिरावला जातो. पिल्लू वाढलं तिथे जाऊन आई पाहा.

तुमचं पिल्लू चार महिन्यांचं होऊन गेलं असेल तरी उशीर झाला म्हणून सोडू नका. पद्धत हीच, फक्त अंतर जास्त ठेवा आणि महिने मोजायची तयारी ठेवा. आठ आठवड्यांचं पिल्लू आज घरी आलं असेल, तर तुमच्या हातात जेमतेम सहा आठवडे आहेत. पहिल्या लसीच्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, कडेवर घेऊन कुठे-कुठे नेता येईल.