व्हॅक्यूम सीलर घेताना : हवा जाते, धोका जात नाही

गच्चीवर किंवा फार्महाऊसच्या अंगणात आंब्याच्या लाकडाची मंद धुरी देऊन बांगडा, रावस, कोंबडी अथवा चीज घरीच तयार करण्याचा छंद शहरी कुटुंबांत हळूहळू रुजू लागला आहे. एका वेळी चार-पाच किलो जिन्नस तयार होतो, पण एका बैठकीत तो संपत नाही. उरलेला माल टिकवायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर म्हणून मग व्हॅक्यूम सीलर, म्हणजे पिशवीतील हवा खेचून तिचे तोंड बंद करणारे यंत्र, खरेदी केले जाते. यंत्र उपयुक्त आहे, यात शंका नाही. तथापि ते नेमके काय करते आणि काय करीत नाही, हे समजून न घेता केलेली खरेदी केवळ पैशांचा अपव्यय ठरत नाही, तर प्रसंगी जिवावरही बेतू शकते.

जुनी धुरी, नवी धुरी

धुराने अन्न टिकते, ही समजूत चुकीची नाही. मात्र ती अपुरी आहे. गोव्याची चोरीस टिकते ती केवळ चुलीवरच्या धुराने नव्हे. डुकराच्या मांसाला लावलेले भरपूर मीठ, व्हिनेगरचा आंबटपणा, कडक ऊन आणि त्यानंतरची धुरी या साऱ्यांचा तो एकत्रित परिणाम असतो. नागालँडमधील घरांत चुलीवर टांगलेले मांसही अनेक दिवस धूर आणि उष्णता खात सुकत जाते. या पद्धतींत अन्नातील पाणी निघून जाते, आणि पाण्यावाचून जिवाणूंची वाढ होत नाही.

आजची घरगुती धुरी याहून वेगळी असते. मासा किंवा कोंबडी दोन-तीन तास धुरात ठेवली जाते, मीठ चवीपुरते असते आणि पदार्थ रसदार राहावा अशीच अपेक्षा असते. अशा पदार्थाला धुराचा स्वाद मिळतो, टिकाऊपणा नव्हे. टिकण्याच्या दृष्टीने तो साध्या शिजवलेल्या मांस-मासळीहून फारसा निराळा नसतो.

हवेवाचून वाढणारा शत्रू

पिशवीतील हवा काढल्याने बुरशी रोखली जाते, तेलकट मासा खवट होत नाही आणि फ्रीझरमधील कोरड्या थंडीने पदार्थाचा पृष्ठभाग करपल्यासारखा पांढरा पडत नाही. हे लाभ खरे आहेत. परंतु क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू प्राणवायू नसलेल्या जागीच वाढतो. त्याचे बीजाणू माती, चिखल आणि माशांच्या आतड्यांत आढळतात; घरगुती धुरीच्या उष्णतेला ते सहसा दाद देत नाहीत. माशांत आढळणारा त्याचा एक प्रकार तर ३ अंश सेल्सियसच्या पुढे, म्हणजे सर्वसाधारण घरगुती फ्रीजमध्येही, वाढू शकतो.

याहून गंभीर बाब अशी की, अन्न नासल्याची नेहमीची लक्षणे येथे फसवी ठरतात. उघड्यावर ठेवलेला मासा विष तयार होण्याआधीच दुर्गंधीने स्वतःला उघडा पाडतो. निर्वात पिशवीत मात्र दुर्गंधी निर्माण करणारे जिवाणू मागे पडतात, आणि वास व रंग ठीक असतानाही पदार्थ विषारी झालेला असू शकतो. अमेरिकेत १९६३ मध्ये ग्रेट लेक्स परिसरातील, धुरी देऊन निर्वात पिशव्यांत भरलेले व्हाइटफिश जातीचे मासे खाल्ल्याने बोटुलिझमची लागण होऊन काहींचा बळी गेला, तेव्हा हा धोका जगासमोर आला. दृष्टी दुहेरी होणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे, गिळता न येणे ही या विषबाधेची लक्षणे होत. ती बहुधा १२ ते ३६ तासांत दिसू लागतात आणि अशा रुग्णाला क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

व्यावसायिक उत्पादकांना निर्वात पिशवीतील धुरी दिलेल्या माशात, त्यातील पाण्याच्या तुलनेत किमान ३.५ टक्के मीठ असावे, असे मार्गदर्शन अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन करते, आणि तेही शीतसाखळी पाळूनच. घरी हे प्रमाण मोजण्याची सोय नसते. म्हणूनच घरगुती धुरीच्या मांस-मासळीसाठी सोपा नियम एकच : निर्वात पिशवी थेट फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर. दोन-तीन दिवसांत खायचे असेल, तर पदार्थ साध्या झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवावा. त्यासाठी यंत्राची गरजच नाही.

कोणते यंत्र कोणासाठी?

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार मिळतात. पहिल्या प्रकारात पिशवी यंत्राबाहेर राहते व तिचे केवळ तोंड झाकणाखाली धरले जाते. ही यंत्रे आटोपशीर आणि स्वस्त असतात. मात्र हवेबरोबर पिशवीतील रसही तोंडाकडे ओढला जातो. तापणाऱ्या पट्टीखाली ओलावा किंवा चरबी आली की सांधा कच्चा राहतो. शिवाय त्यांना आतून खाचा असलेल्या पिशव्या लागतात, आणि त्या तुलनेने महाग पडतात.

दुसरा प्रकार पेटीसारखा असतो. संपूर्ण पिशवी आत ठेवून पेटीतीलच हवा काढली जाते. पिशवीच्या आत आणि बाहेर दाब सारखाच राहत असल्याने रस बाहेर धावत नाही. तोंड बंद झाल्यावर पेटीत हवा सोडली, की बाहेरच्या दाबाने पिशवी पदार्थाला घट्ट चिकटते. यात साध्या, गुळगुळीत पिशव्या चालतात. परंतु हे यंत्र जड असते, ओट्यावर बरीच जागा अडवते आणि त्याची किंमत पहिल्या प्रकाराच्या कित्येक पट असते. पंप तेलावर चालणारा असल्यास वेळोवेळी तेलही बदलावे लागते.

महिन्यातून एक-दोनदा धुरी देणाऱ्या कुटुंबाला पहिला प्रकार पुरेसा आहे. दर आठवड्याला मोठा घाणा काढणाऱ्यांनी, अथवा मसाल्याच्या रसासह पदार्थ भरणाऱ्यांनीच पेटीचा विचार करावा.

खरेदीच्या वेळी काही गोष्टी दुकानातच पडताळून पाहाव्यात. सील करणारी पट्टी रुंद किंवा दुहेरी असावी. तेलकट माशासाठी हे विशेष महत्त्वाचे. ओल्या पदार्थासाठी स्वतंत्र बटण असावे, तसेच हवा थोडी-थोडी ओढून हवी तेथे थांबता यावे, अन्यथा नाजूक मासा चिरडला जातो. गळलेला रस साठवणारी तबकडी काढून धुता यावी. सलग किती पिशव्या बंद करता येतात आणि मध्ये किती वेळ थांबावे लागते, हेही विचारावे; स्वस्त यंत्रे लवकर तापतात. झाकणाच्या रबरी कडा व तापपट्टी सुट्या मिळतात का, हा प्रश्न सवलतीपेक्षा महत्त्वाचा आहे. परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवताना विजेचा दाब पाहावा. अमेरिकेतील यंत्रे बहुधा १२० व्होल्टची असतात. ती आपल्याकडील २३० व्होल्टवर थेट लावल्यास जळतात.

पिशवी नायलॉन आणि पॉलिथिलीन यांच्या थरांची असावी. नायलॉन प्राणवायूला अडवते, तर पॉलिथिलीन वितळून सांधा जोडते. साध्या पॉलिथिलीनच्या पिशवीतून हवा हळूहळू आत झिरपते.

भरताना आणि उघडताना

पदार्थ प्रथम फ्रीजमध्ये पूर्ण थंड करावा. कोमट पदार्थाची वाफ सांधा बिघडवते आणि बंद पिशवीत ऊब रेंगाळली, तर जिवाणूंना वाव मिळतो. पृष्ठभाग कागदाने टिपून तुकडे तास-दोन तास फ्रीझरमध्ये कडक करून घेतले, की स्वस्त यंत्रातही रस सुटत नाही. काटे व हाडांची टोके कागदात गुंडाळावीत. तोंडाशी चार बोटे जागा मोकळी सोडावी आणि पिशवीवर तारीख लिहावी.

पिशवी उघडण्याची रीत तर बहुतेकांना ठाऊकच नसते. गोठवलेला मासा बंद पिशवीतच वितळू देणे धोक्याचे असते, कारण तापमान वाढते आणि प्राणवायू मात्र नसतोच. म्हणून पिशवी आधी कापावी व मगच मासा फ्रीजमध्ये वितळू द्यावा. खाण्यापूर्वी तो आतपर्यंत चांगला गरम करणे श्रेयस्कर; बोटुलिनमचे विष ८५ अंशांवर पाच मिनिटांत नष्ट होते. तथापि वीज बराच काळ खंडित होऊन फ्रीझरमधील माल वितळला असेल, तर गरम करण्याच्या भरवशावर तो वाचवू नये, टाकून द्यावा.

धुरी दिलेले काजू, बदाम किंवा मीठ असे कोरडे जिन्नस निर्वात पिशवीत कपाटातही सुरक्षित राहतात आणि पावसाळ्यात सादळत नाहीत. चीज मात्र फ्रीजमध्येच ठेवावे. लसूण कोरडी भासली, तरी तिच्यात ओलावा असतो. ती निर्वात पिशवीत कपाटात कदापि ठेवू नये.

त्यामुळे खरेदीचा क्रम बदलणेच शहाणपणाचे. आधी फ्रीझरमध्ये जागा आणि शे-दोनशे रुपयांचा तापमापक, यंत्र त्यानंतर. फ्रीझर भरलेला असेल, तर महागड्या यंत्रापेक्षा धुरीचा घाणाच लहान काढावा आणि उरलेले शेजाऱ्यांना ताजे-ताजे वाटावे.