संगणकाची स्वॅप फाईल : तिची जागा व आकारमान

निकालपत्रकांचे काम ऐन रंगात आले असता शाळेचा संगणक मंदावतो आणि कोणी जाणता म्हणविणारा सल्ला देतो, "स्वॅप फाईल बंद करा, यंत्र चपळ होईल." हा सल्ला बहुधा घातक ठरतो. तो का, हे समजण्यासाठी ही फाईल कोणते कार्य करते ते प्रथम पाहू.

शिक्षक हाताशी लागणाऱ्या वह्या टेबलावर ठेवतात. टेबल भरले म्हणजे तूर्त न लागणारा गठ्ठा कपाटात जातो व गरज पडताच परत येतो. संगणकाची रॅम हे टेबल आणि डिस्कवरील स्वॅप फाईल हे कपाट होय. इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली कार्यान्वित झालेल्या 'ॲटलस' संगणकात हीच योजना होती. विंडोजमध्ये या फाईलीस 'पेज फाईल' म्हणतात. कपाटच काढून टाकले, तर टेबल भरताच चालू कार्यक्रम बंद पडू शकतात आणि न साठविलेले गुण नाहीसे होतात.

आता जागेचा विचार करू. यांत्रिक हार्ड डिस्कवरून माहिती आणण्यास सेकंदाचे काही सहस्रांश लागतात. एसएसडीला त्याहून पुष्कळच कमी वेळ लागतो. म्हणून संगणकात दोन्ही असतील, तर फाईल एसएसडीवर असावी. एकाच डिस्कचे 'सी' व 'डी' असे भाग पाडलेले असल्यास फाईल 'डी'वर नेऊन लाभ होत नाही; कपाट तेच, कप्पा मात्र निराळा. पेन ड्राइव्ह या कामास योग्य नव्हे.

आकारमानाविषयी 'रॅमच्या दीडपट' हा ठोकताळा प्रचलित आहे. तथापि खरे माप कामावरून ठरते. सर्वाधिक कामाच्या दिवशी नेहमीचे सर्व कार्यक्रम उघडे ठेवून टास्क मॅनेजरमधील 'परफॉर्मन्स' व त्याखालील 'मेमरी' हा भाग पाहावा. तेथे 'कमिटेड' या शब्दापाशी दोन आकडे असतात. पहिला आकडा मागणीचा. दुसरा रॅम व पेज फाईल मिळून होणाऱ्या मर्यादेचा. समजा, रॅम ४ जीबी व मागणी ६.५ जीबी आहे. तर किमान २.५ जीबी फाईल हवी. वाढीव कामासाठी ४ जीबी, म्हणजे ४०९६ एमबी, ठेवणे श्रेयस्कर. डिस्कवर तेवढी जागा मोकळी आहे ना, हेही पाहावे.

हा बदल 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मधील 'परफॉर्मन्स' विभागातून 'व्हर्च्युअल मेमरी' येथे करता येतो. तेथे आकडे भरल्यावर 'सेट' हे बटण दाबण्यास विसरू नये; अन्यथा बदल लागू होत नाही. अशी मोजणी करणे शक्य नसेल, तर आकारमान विंडोजवरच सोपवावे. बहुतेक शाळांना तेवढे पुरेसे आहे.

एक मर्यादा मात्र ध्यानी असावी. कपाट कितीही मोठे केले तरी टेबल वाढत नाही. डिस्क अहोरात्र धडधडत असेल, तर उपाय रॅम वाढविणे हाच होय. रॅम किती, मागणी किती व मोजणी कोणत्या दिवशी केली, याची नोंद संगणकाच्या वहीत ठेवावी. म्हणजे रॅमची मागणी करताना हाती आकडे राहतील आणि बदलून येणाऱ्या शिक्षकासही ते उपयोगी पडतील.