चटणीत हरवलेलं जस्त

उंदराचा मेंदू वाटून चटणी केली आणि ती आम्लात विरघळवली, की त्यात जस्त किती, लोखंड किती, तांबं किती याचा चोख हिशेब मिळतो. फक्त पत्ता हरवतो. आणि मेंदूत तर सगळी गंमत पत्त्यातच! स्मृतीशी नातं असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये ‘मॉसी फायबर’ नावाच्या तंतूंच्या टोकांशी जस्त दाटीवाटीने भरलेलं असतं. जरा बाजूला सरकलं की ते विरळ होतं.

जर्मन शास्त्रज्ञ टिम यांनी १९५८ साली सल्फाइड आणि चांदी वापरून धातूंचे असे साठे काळे रंगवून दाखवले. पण या रंगाच्या हाती लागतं ते सैल जस्त. प्रथिनांनी घट्ट धरलेलं निसटतं. क्ष-किरण असा भेदभाव करत नाहीत. किरण अणूवर आदळला, की आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरचा त्याच्या जागी उतरतो आणि सुटलेली ऊर्जा नवा क्ष-किरण होऊन बाहेर पडते. या नव्या किरणाची ऊर्जा हीच मूलद्रव्याची खूण: लोखंडाची ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, तांब्याची ८.०५, जस्ताची ८.६४. या खुणा अणुक्रमांकाशी बांधलेल्या आहेत, हे हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये दाखवलं. दोनच वर्षांनी, वयाच्या २७व्या वर्षी, ते पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीत मारले गेले.

कोणता धातू कुठे याच्या नकाशासाठी क्ष-किरणांचा झोत मात्र केसाहून कितीतरी बारीक आणि तरीही प्रखर लागतो. तो सिंक्रोट्रॉन देतो, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून क्ष-किरण काढणारं अवाढव्य यंत्र. फ्रान्समध्ये ग्रनोबलला ८४४ मीटर घेराचा आहे. आपल्या इंदूरचा इंडस-२ सुमारे १७२ मीटरचा. झोत जागचा हलत नाही, मेंदूची चकती त्याच्यापुढून ठिपक्याठिपक्याने सरकते.

खरी धास्ती त्याआधीची. फॉर्मलिनमध्ये ठेवलं तर काही मूलद्रव्यं पाझरून जातात, म्हणून मेंदू झटपट गोठवायचा. पोलादी पात्याने कापताना लोखंडाचा कण मागे राहिला, तर नकाशावर तो डोंगरासारखा उभा राहतो. चकती साध्या काचेवर ठेवायची सोय नाही, काचेतच धातूंची भेसळ. त्यामुळे पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा. रक्तवाहिन्यांत उरलेल्या रक्तातलं लोखंड तर मेंदूचंच म्हणून मिरवतं.

एवढं सांभाळल्यावर उंदरांच्या मेंदूतल्या पोकळ्यांच्या भिंतीलगत, मोजक्याच पेशींत, तांब्याचे गच्च ठिपके सापडले. चटणीच्या हिशेबात हेच तांबं सगळ्या मेंदूवर सारखं वाटलं गेलं असतं.