पर्युषण, गोळी आणि साखर

पर्युषण जवळ आले की मधुमेही असलेल्या घरात एक प्रश्न हळू आवाजात निघतो: उपवास करायचा तर गोळीचे काय? बहुधा त्याचे उत्तर घरातच ठरते, आणि तेथेच घोटाळा होतो.

निदानाचे निकष स्पष्ट आहेत. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० वा अधिक, अथवा मागील सुमारे तीन महिन्यांचा अंदाज देणारे एचबीए१सी ६.५ टक्के वा अधिक. लक्षणे नसल्यास दुसऱ्या चाचणीने खात्री करून घेतात. दिवसभर गल्ल्यावर बसणारा व्यापारी आपली तहान उन्हाळ्याच्या नावे मांडून मोकळा होतो. पुष्कळांना तर काहीच जाणवत नाही.

औषधोपचाराचा प्रारंभ बहुधा मेटफॉर्मिनने होतो. ही गोळी मुख्यतः यकृतातील साखरनिर्मिती कमी करते. एकटी घेतल्यास साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. ग्लिमेपिराइडची गोष्ट निराळी. पोटात अन्न असो वा नसो, ती स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावते. उपवासात साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ आणि प्रसंगी बेशुद्धी. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांमुळे निर्जळ उपवासात शरीरातील पाणी आणखी घटते, रक्तात घातक आम्लेही साठू शकतात. म्हणून उपवासाच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांना गाठावे. चौविहार पाळणाऱ्याने तर एरवीही आपले शेवटचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते हे आवर्जून सांगावे. चिठ्ठीवरील ‘रात्री जेवणानंतर’ या शब्दांना त्याच्या घरी अर्थच नसतो, आणि ती गोळी वर्षानुवर्षे डबीतच राहते.

इन्सुलिनला नकार देणारे वडीलधारे अहिंसेचे कारण सांगतात. १९२२ मध्ये टोरांटो येथे ते प्रथम रुग्णास दिले गेले, तेव्हा ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरेच. परंतु १९८२ साली अमेरिकेत जनुकतंत्राने बनविलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली. आज ते प्रामुख्याने जिवाणू वा यीस्ट यांच्या साहाय्याने तयार होते. सूक्ष्म जीवांचा प्रश्न उरतोच, तो महाराजसाहेबांपुढे अवश्य ठेवावा. मात्र जुन्या माहितीवर नकार देऊ नये. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णास तर उपवासाच्या दिवशीही इन्सुलिन पूर्णपणे बंद करता येत नाही.