ग्रंथपालबाईंचा दिवस आणि आपलं मराठीचं कपाट



आपल्या वर्गातल्या बहुतेकांनी गावच्या लायब्ररीतलं मराठीचं कपाट पाहिलं असेल. आत शिरल्यावर डाव्या हाताला, हिंदी आणि गुजरातीच्या मध्ये. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्याचे तीन कप्पे भरलेले होते. सप्टेंबरात आपला वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा दोनच उरले होते. मोठ्या गटातल्या आम्ही पाचजणांनी ठरवलं, जाऊन विचारायचं. खरं सांगायचं तर थोडं भांडायच्या तयारीनंच गेलो होतो.

ग्रंथपालबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शनिवारी सकाळी नऊला या. लायब्ररी दहाला उघडते. आधी माझ्याबरोबर काम करा, मग कपाटाचं बोलू." आम्ही सलग तीन शनिवार गेलो. तिथे जे पाहिलं ते तुमच्यासाठी लिहीत आहोत.

आधी आमचा एक गैरसमज. आम्हांला वाटायचं, ग्रंथपाल म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून पुस्तकं वाचणारा माणूस, आणि वर त्याचा पगार! हे ऐकून बाई खूप हसल्या. इतक्या वर्षांत कामाच्या वेळेत एकही कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झालेली नाही म्हणाल्या. पुस्तक वाचायचं ते घरी, रात्री जेवणानंतर. दुसरा गैरसमज असा की लायब्ररीत काम करणारे सगळेच ग्रंथपाल. तसं नसतं. अमेरिकेत ग्रंथपाल व्हायला बहुतेक ठिकाणी त्या विषयातली मास्टर्स पदवी लागते. काउंटरवर पुस्तकं देणारे घेणारे बरेचदा कारकून असतात, आणि पुस्तकं जागेवर लावणाऱ्या मुलामुलींना 'पेज' म्हणतात. हो, पुस्तकाच्या पानाला म्हणतात तेच!

सकाळचं पहिलं काम म्हणजे रात्रभर बाहेरच्या पेटीत पडलेली पुस्तकं काढणं. ती जमा करायची, पानं चाळून बघायची. पानांत काय काय सापडतं! आम्हांला विमानाचा बोर्डिंग पास, वाणसामानाची यादी आणि कुणाच्या तरी आजीचा फोटो मिळाला. फोटोसाठी बाईंनी लगेच त्या घरी फोन लावायला सांगितलं. मग राखीव पुस्तकांची यादी निघते. लोकांनी आदल्या दिवशी कंप्यूटरवरून मागवलेली पुस्तकं शोधून, नावाची चिठ्ठी लावून वेगळी ठेवायची. दहा वाजता दार उघडलं की मग प्रश्नच प्रश्न. प्रिंटर चालत नाही, नोकरीचा अर्ज कसा भरू, माझ्या मुलाला डायनोसॉर सोडून दुसरं काही वाचायला द्या. पुस्तकाबद्दलचे प्रश्न त्यात निम्मेही नव्हते.

पण वाचन असतंच, फक्त वेगळ्या तऱ्हेचं. बाई रोज वाचतात ती परीक्षणं. 'लायब्ररी जर्नल' हे मासिक १८७६ पासून निघतं, 'बुकलिस्ट' १९०५ पासून. त्यांत एकेका नव्या पुस्तकावर एखादा परिच्छेद असतो. तो वाचून घ्यायचं की नाही ते ठरवायचं, कारण वर्षाचे पैसे ठरलेले असतात. मराठी पुस्तकांची परीक्षणं मात्र त्यांत येत नाहीत, आणि बाईंना देवनागरी वाचता येत नाही. मग आपली मराठी पुस्तकं आली कुठून? निम्म्याहून जास्त आपल्याच आईबाबांनी आणि काकाकाकूंनी तळघर आवरताना दिलेली. पिवळी पडलेली, कसर लागलेली. एका रहस्यकथेला तर शेवटची आठ पानंच नाहीत. खुनी कोण ते आपल्या गावात कुणालाच माहीत नाही!

दुसरं वाचन म्हणजे 'कपाट वाचणं'. हे आम्हांला सगळ्यांत आवडलं. रांगेतल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर क्रमानं वाचत जायचं आणि चुकीच्या जागी बसलेलं पुस्तक उचलून बरोबर जागी ठेवायचं. बाई म्हणतात, चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक आणि चोरीला गेलेलं पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीनं काही फरक नाही. दोन्ही मिळत नाहीत.

हे नंबर मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ मध्ये काढलेल्या पद्धतीचे आहेत. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग करायचे, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. ८०० म्हणजे साहित्य. त्यात ८१० अमेरिकन, ८२० इंग्रजी, ८३० जर्मन, ८४० फ्रेंच असं करत करत ८९० वर आलं की 'बाकीच्या सगळ्या भाषा'. चिनी, जपानी, अरबी, रशियन आणि आपण सगळे त्या एका खोलीत दाटीवाटीनं बसलेले. आम्हांला हे मुळीच आवडलं नाही आणि आम्ही तसं सांगितलंही. त्या खोलीतही आपला कोपरा ठरलेला आहे. ८९१.४३ हिंदी, ८९१.४६ मराठी, ८९१.४७ गुजराती. म्हणजे मराठीचं कपाट हिंदी आणि गुजरातीच्या मध्ये आहे ते नकाशा बघून नाही, या नंबरामुळे.

आम्ही आपलं कपाट वाचायला लागलो तर तीन पुस्तकं उलटी, डोकं खाली पाय वर. दोघांच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी नेमकी नावावर चिकटवलेली. आणि शेजारच्या हिंदीच्या कपाटात चार मराठी पुस्तकं निघाली! लिपी एकच, त्यामुळे लावणाऱ्याला काय कळणार? कंप्यूटरमध्ये ती चारही 'हरवलेली' म्हणून नोंदलेली होती. इतके दिवस ती तिथेच उभी होती.

मग कंप्यूटरवर नावं शोधायला बसलो आणि आणखी एक गंमत कळली. तुम्ही पु. ल. देशपांडे यांचं आडनाव आपण एरवी रोमन लिपीत लिहितो तसं टाइप केलंत तर बरेचदा काहीच मिळत नाही. कारण इथल्या लायब्ऱ्या भारतीय नावं रोमन लिपीत लिहिताना ठरलेल्या तक्त्याप्रमाणे लिहितात. त्यात 'श' साठी 'एस' आणि डोक्यावर एक तिरकी रेघ, आणि अक्षरातला 'अ' आपण उच्चारत नसलो तरी लिहायचाच. म्हणून देशपांडे शोधायचे तर डी-ई-एस-ए-पी-ए-एन-डी-ई असं टाइप करा. खांडेकरांच्या शेवटी एक 'ए' जास्त लावा. "खांडेकरा!" अशी हाक मारल्यासारखं वाटतं खरं, पण पुस्तक मिळतं. आमच्यातल्या एकीच्या बाबांनी "इथे मराठी पुस्तकं नाहीतच" म्हणून शोधणं केव्हाच सोडून दिलं होतं. त्यांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी एकदम चार पुस्तकं मागवली.

कारण आपल्या लायब्ररीत नसलेलं पुस्तकही दुसरीकडून मागवता येतं. अमेरिकेत मराठी पुस्तकं पुष्कळ आहेत, फक्त ती मोठ्या विद्यापीठांत आहेत. त्याची गोष्ट मजेशीर आहे. १९५४ च्या 'पी. एल. ४८०' या कायद्यानुसार अमेरिकेनं भारताला गहू विकला आणि त्याचे पैसे रुपयांत घेतले. त्या रुपयांचा बराचसा भाग भारतातच खर्च करायचा होता. त्यातल्या काहींची १९६२ पासून पुस्तकं घ्यायची असं ठरलं. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं दिल्लीला कार्यालय उघडलं, आणि निरनिराळ्या भारतीय भाषांतली पुस्तकं शिकागो, पेनसिल्वेनिया, बर्कली अशा विद्यापीठांकडे यायला लागली. आपल्या आजीआजोबांनी रेशनच्या दुकानात रांग लावून घेतलेला तोच मिलो आणि गहू. त्यातून मराठी कथाकादंबऱ्या समुद्र ओलांडून इकडे आल्या. पैशांची व्यवस्था पुढे बदलली, पण पुस्तकं घेणं थांबलं नाही.

आता मूळ प्रश्न. आपला एक कप्पा गेला कुठे?

बाईंनी न चिडता दाखवलं. दरवर्षी कपाटांची निंदणी होते, शेतात तण काढतात तशी. जागा तेवढीच आणि नवी पुस्तकं येतच राहतात. आपल्या लायब्ररीचा नियम असा की तीन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकाचं नाव यादीत येतं. मग ते पुस्तक काढून विक्रीच्या टेबलावर ठेवतात. इंग्रजी पुस्तक यादीत आलं तर बाई ते चाळून बघतात आणि चांगलं असेल तर वाचवतात. मराठी पुस्तक चांगलं की वाईट हे त्यांना चाळून कळत नाही. त्यांच्याकडे फक्त आकडा असतो, आणि मराठीचा आकडा फार लहान होता.

"पण आमचे आजोबा तर रोज येऊन वाचतात!" आमच्यातला एकजण म्हणाला. खरंच वाचतात. सकाळी अकराला येतात, खिडकीजवळच्या खुर्चीत दोन तास बसतात, आणि उठताना पुस्तक रुमालानं पुसून होतं त्या जागी नीट ठेवून जातात. इथेच तर सगळा घोळ होता. आत बसून वाचलेली पुस्तकंही इथे मोजतात, पण ती टेबलावर किंवा ट्रॉलीवर ठेवलेली असली तरच. संध्याकाळी पेज ती गोळा करून मशीनला दाखवतात आणि वाचल्याची नोंद होते. जागच्या जागी परत ठेवलेलं पुस्तक मशीनच्या लेखी हललेलंच नाही. आजोबांनी दोन वर्षांत मराठीचे तिन्ही कप्पे वाचून काढले होते आणि हिशेबात त्याचं एक पानही नव्हतं.

आजोबांना हे कसं सुचावं? ते लहानपणी ज्या वाचनालयात जात तिथे महिन्याची वर्गणी, अनामत रक्कम, आणि मध्ये काउंटर. पुस्तक काउंटरवरून मागायचं, आणि दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी. पुस्तक जागेवर न ठेवणाऱ्याला ओरडा बसायचा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. त्या शिस्तीत वाढलेली ती पिढी.

बाईंच्या टेबलामागे भारतातले मोठे ग्रंथपाल डॉ. एस. आर. रंगनाथन यांचं १९३१ चं एक पुस्तक आहे. त्यात त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. ते मूळचे गणिताचे शिक्षक. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्यांचा एक नियम असा की प्रत्येक पुस्तकाला कुठेतरी वाचक असतो, त्यांची गाठ पडली पाहिजे. बाई म्हणाल्या, "मला हा नियम पाठ आहे. पण तुमच्या भाषेत ती गाठ मी एकटी नाही घालू शकत."

पुढच्या निंदणीच्या यादीत मराठीची ३१ पुस्तकं आहेत. ती यादी आम्ही देवनागरीत लिहून वर्गाच्या फळ्याशेजारी लावली आहे. रविवारी येताना आईबाबांचं लायब्ररी कार्ड बघून या आणि दोन नावांपुढे आपलं नाव लिहा. वाचायला जड वाटलं तर घरी मोठ्यांकडून वाचून घ्या. त्यांतली कुठली ठेवायची आणि कुठली गेली तरी चालेल, हे आम्ही वाचून बाईंना दर महिन्याला इंग्रजीत दोन दोन ओळींत लिहून देणार आहोत. वाईट असलेल्यांना वाईट म्हणू असं ठरलं आहे, नाहीतर आमच्यावर पुढच्या वेळी विश्वास कोण ठेवणार? शेवटची पानं नसलेली रहस्यकथा जाऊ द्यायला आम्ही सगळ्यांनी एकमतानं होकार दिला.

आजोबांनाही समजावून सांगितलं. टेबलावर पुस्तक टाकून उठून जाणं त्यांच्या जिवावर येतं. म्हणून ते आता ट्रॉलीवर ठेवतात. पण तिथेही पुसून, उभं, नंबर समोर दिसेल असं.