संगणकाचा छापील मजकूर : ‘प्रिंटएफ’ची ओळख

सुरत शहरात पैलू पाडलेल्या हिऱ्याचे वजन कॅरटमध्ये नोंदले जाते. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्याचा शंभरावा भाग, म्हणजे अवघे दोन मिलिग्रॅम, हा एक सेंट. एखाद्या हिऱ्याचे वजन ०.९९८ कॅरट भरले आणि संगणकाने पावतीवर १.०० असे छापले, तर व्यवहारात ती क्षुल्लक बाब ठरत नाही. पूर्ण एक कॅरटच्या हिऱ्याचा दर त्याहून किंचित लहान हिऱ्याच्या दरापेक्षा चढा असतो. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही हिऱ्यांना प्रमाणपत्र देणारी संस्था तिसऱ्या दशांशस्थळी ९ असेल तरच वजन वरच्या सेंटला नेते. तिच्या प्रमाणपत्रावर हाच हिरा ०.९९ कॅरटचा राहील.

मग पावतीवर १.०० कोणी लिहिले? संगणकाच्या कार्यक्रमातील एका लहानशा आदेशाने. ‘सी’ या संगणकभाषेच्या प्रमाणित संग्रहात त्याचे नाव ‘प्रिंटएफ’ असे असून, त्यातील ‘एफ’ हे अक्षर ‘फॉरमॅट’, अर्थात मांडणी, या शब्दाचे आहे. छापावयाच्या अंकांची मांडणी आधी सांगून ठेवण्याची कल्पना १९५७ च्या ‘फोरट्रान’ भाषेतही होती. तथापि, आज रूढ असलेला प्रकार सर्वत्र पोहोचला तो अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या ‘सी’ भाषेमुळे. कर्निघन व रिची यांचा या भाषेवरील ग्रंथ १९७८ साली निघाला, तर १९८९ मध्ये भाषेचे अमेरिकी प्रमाणक ठरले. पुढे पीएचपी, पायथन, जावा या भाषांनीही ही रीत उचलली.

कचेरीतील छापील नमुने ज्यांनी भरले आहेत, त्यांस या आदेशाचे तत्त्व समजण्यास अडचण पडू नये. नमुन्यात ठराविक मजकूर असतो व मध्ये रिकाम्या जागा असतात. येथे रिकाम्या जागेची खूण % या चिन्हाने करतात. त्यापुढे ‘डी’ असल्यास पूर्णांक, ‘एफ’ असल्यास दशांश अपूर्णांक व ‘एस’ असल्यास अक्षरमजकूर तेथे बसतो. चिन्ह व अक्षर यांच्यामध्ये ८.२ असे लिहिले, तर एकूण जागा किमान आठ घरांची आणि दशांश चिन्हानंतर दोन अंक, असा अर्थ होतो. १२३४.५ ही रक्कम १२३४.५० अशी सात घरांत बसते आणि डावीकडे एक घर मोकळे राहते. रकमांचे स्तंभ एकाखाली एक सरळ उभे राहतात ते यामुळेच.

दोन अंकांपुरते छापताना हा आदेश जवळच्या सेंटला पूर्ण करतो. हिऱ्याच्या बाजाराचा संकेत त्यास ठाऊक नसतो. यास्तव वजन कॅरटच्या सहस्रांशात पूर्णांक म्हणून ठेवावे, त्यात एक मिळवावा, दहाने भागून बाकी सोडून द्यावी आणि मगच छापावे. ९९८ चे ९९ सेंट होतात, ९९९ चे शंभर. बेरजेबाबतही सावधगिरी हवी. ०.३३४ कॅरटचे तीन खडे प्रत्येकी ०.३३ असे छापले जातात, पण त्यांची बेरीज १.००२ असल्याने खाली १.०० येते. छापलेले आकडे मिळवून पाहणाऱ्यास मात्र ०.९९ च भरतात आणि हिशेबनिसावर विनाकारण संशय येतो.

लाख-कोटींच्या स्वल्पविरामांची सोय मूळ आदेशात नाही. पॉसिक्स या प्रमाणकानुसार % पुढे अवतरणचिन्ह दिल्यास स्थानिक पद्धतीने अंकगट पडतात. संगणकावर भारतीय पद्धत, म्हणजे प्रथम तीन व नंतर दोन-दोन अंकांचे गट, निवडलेली असेल तर १२,३४,५६७ असे छापून येते.

नागरी अक्षरांचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि तो सुरतेला नवा नाही. १६७० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीचे सुरतेतील दलाल भीमजी पारेख यांनी कंपनीकडून मुद्रक मागविला. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक आला. परंतु त्यास छापता येत होते, देशी अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते. संगणकात खिळे नसले तरी मोजणी आहे. ‘प्रिंटएफ’ घरे मोजतो ती अक्षरांची नव्हे, बाइटांची. आज सर्वत्र प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत नागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘सुरत’ या शब्दात स, उकार, र व त अशी चार चिन्हे, म्हणून बारा बाइट. दहा घरांच्या स्तंभात रोमन लिपीतील सुरतपुढे पाच घरे मोकळी राहतात. नागरीतील सुरत मात्र स्तंभ भरून गेल्याचे समजून एकही मोकळी जागा सोडली जात नाही. मजकूर दहापर्यंतच छापावा अशी मर्यादा घातली, तर ‘त’च्या तीनपैकी एकच बाइट उरतो आणि ‘सुर’ या अक्षरांपुढे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. शिधापत्रिकेवर वा दाखल्यावर एखाद्या नागरिकाचे आडनाव असे तुटले, तर दुरुस्तीचे हेलपाटे त्यासच घालावे लागतात. नागरी मजकुराची रुंदी म्हणूनच आधी स्वतंत्रपणे मोजून घ्यावी, कमी पडणारी रिक्त स्थाने कार्यक्रमाने स्वतः जोडावीत आणि चाचणीसाठी ‘राम’ नव्हे, जोडाक्षरे असलेले लांबलचक नाव घ्यावे.