एम.बी.ए. : आत्ता की अनुभवानंतर?

मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षात आली की घरोघरी एक चर्चा सुरू होते. व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यायचे हे ठरलेले असते. परंतु ते लगेच घ्यावे की दोन-तीन वर्षे नोकरी करून मग, यावर एकमत होत नाही. वडिलांना वाटते, अभ्यासाची सवय आहे तोवर उरकून घ्यावे. नोकरीला लागलेला मामेभाऊ आधी अनुभव घेण्याचा सल्ला देतो. मुलगी असल्यास आजी तिच्या लग्नाचा मुद्दा काढते. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडे तथ्य असते. मात्र कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या तयारीने आणि कोणाच्या पैशाने, हे मूळ प्रश्न बाजूला राहतात.

प्रथम अभ्यासक्रमांतील फरक समजून घ्यावा. कोलकाता व अहमदाबाद येथील आय.आय.एम. १९६१ मध्ये स्थापन झाल्या. अशा संस्थांच्या दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमासाठी कॅट ही परीक्षा द्यावी लागते. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी तिला बसू शकतो. अनुभवाची अट नाही आणि वयाची मर्यादाही नाही. एक वर्षाच्या अभ्यासक्रमांचे तसे नाही. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या अशा अभ्यासक्रमाला किमान दोन वर्षांचा, तर अहमदाबादच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो. परदेशात हार्वर्डसारखी संस्था शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याला प्रवेश देऊन ठेवते आणि किमान दोन वर्षे नोकरी करून मगच वर्गात बोलावते.

दुसरी बाब वेळापत्रकाची. कॅट वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या सुमारास होते. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मुलाखती पुढील वर्षाच्या आरंभी आणि वर्ग जूनच्या आसपास सुरू होतात. म्हणजे निर्णय जवळजवळ वर्षभर आधी व्हावा लागतो. शिवाय कॅटचे गुण त्याच प्रवेशवर्षापुरते चालतात. जीमॅटचे गुण मात्र पाच वर्षे ग्राह्य असतात. त्यामुळे अनुभवानंतर एक वर्षाचा अभ्यासक्रम करू इच्छिणाऱ्याने अभ्यासाची सवय ताजी असतानाच जीमॅट देऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते.

तिसरी बाब गुणांची. अनेक संस्था मुलाखतीसाठी निवड करताना कॅटबरोबर दहावी, बारावी व पदवीचे गुणही विचारात घेतात. ते गुण एकदा मिळाले की बदलत नाहीत. ज्याचे सर्व निकाल उत्तम आहेत, त्याने शेवटच्या वर्षातच अर्ज करण्यास हरकत नाही. ज्याचा बारावीचा निकाल जेमतेम आहे, त्याला पुढे आपली बाजू भक्कम करण्यासाठी हाती राहतो तो कामाचा अनुभव. परंतु केवळ महिने मोजून भागत नाही. मुलाखतीत विचारले जाते ते केलेल्या कामाविषयी: कोणती जबाबदारी घेतली, काय चुकले, त्यातून काय शिकला. तीन वर्षे एकाच टेबलावर तेच कागद पुढे सरकवणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरे देणे जड जाते.

चौथी बाब पैशाची. जुन्या आय.आय.एम.मध्ये दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांहून अधिक आहे. समजा, २० लाखांचे कर्ज १० टक्के दराने एकरकमी उचलले. अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि पुढील सहा महिने हप्ता नसला, तरी सरळव्याजाने ५ लाख रुपये चढतात. २५ लाखांची दहा वर्षांत परतफेड करायची तर मासिक हप्ता सुमारे ३३ हजार होतो. हाच उमेदवार आधी तीन वर्षे नोकरी करून दरमहा १५ हजार शिल्लक टाकील तर ५ लाख ४० हजार जमतात. तेवढे कर्ज कमी घेतल्यास हप्ता सुमारे २४ हजारांवर येतो. अर्थात तीन वर्षांत शुल्क वाढू शकते आणि पदवीनंतरच्या वाढीव पगाराची तीन वर्षेही लांबतात. दोन्ही बाजू कागदावर मांडून मगच ठरवावे.

मुलीच्या बाबतीत थांबण्याची किंमत वेगळी असते. ‘दोन वर्षे नोकरी कर, मग बघू’ असे घरात म्हटले जाते आणि त्या दोन वर्षांत स्थळे येऊ लागतात. मग शिक्षणाचा निर्णय नव्या घरावर सोपवला जातो. तिने थांबायचे असेल तर कोणत्या वर्षी अर्ज करायचा, हे घरात आजच ठरलेले असावे आणि तो शब्द पाळला जावा. ती खात्री नसेल तर शेवटच्या वर्षातच अर्ज करणे तिच्या हिताचे आहे.

घरचा व्यवसाय सांभाळणाऱ्यांनीही घाई करू नये. पेढीवर एक-दोन वर्षे बसून उधारी, माल आणि माणसे समजून घेतलेला तरुण वर्गात अधिक शिकतो. अशांसाठी मुंबईच्या एस. पी. जैन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट अँड रिसर्चमध्ये कौटुंबिक व्यवसायाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्यात काही काळ संस्थेत व उरलेला स्वतःच्या व्यवसायात जातो, त्यामुळे पेढी सोडावी लागत नाही.

केवळ तयारीसाठी हातची नोकरी सोडण्याचा विचार मात्र शक्यतो टाळावा. परीक्षा दर वर्षी येते आणि ती किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही. नोकरीतील खंडाचे कारण मात्र प्रत्येक मुलाखतीत द्यावे लागते.

अर्जापूर्वी उमेदवाराने हाच अभ्यासक्रम का आणि याच वर्षी का, हे अर्ध्या पानात स्वतःच्या हाताने लिहून पाहावे. त्यात वडिलांची इच्छा किंवा मित्राचे अनुकरण यापलीकडे काही उतरत असेल तर अर्ज भरावा. उतरत नसेल तर त्या वर्षीचे शुल्क वाचवून कामाला लागावे आणि पुढच्या ऑगस्टपूर्वी तेच अर्धे पान पुन्हा लिहावे.